हूकचा सांधा आणि उंच केलेली जीप

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात विष्णुपुरी येते. गोदावरीवरचे धरण, शंकरसागराचे पाणी, १९८१ साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, अशा गोष्टींमुळे हे नाव आता सर्वांच्या परिचयाचे आहे. या रस्त्यावर अधूनमधून एक चमत्कारिक वाहन दिसते. गाडी जीपच, पण जमिनीपासून वीतभर उचललेली. चाके दांडगी, कमानपाटे फुगलेले, आणि चालवणारा तरुण जणू माळ्यावर बसलेला. ती जवळून गेली की तिच्या पोटाखालून एक आवाज ऐकू येतो. गाडी सुटताना 'टक्', आणि वेग वाढला की घुमल्यासारखी थरथर.

मिस्त्रीकडे नेली म्हणजे तो गाडीखाली शिरतो, पुढच्या शाफ्टला हाताने एक हिसका देतो आणि खालूनच सांगतो, "क्रॉस गेला." क्रॉस बदलतात. काही महिन्यांनी तो पुन्हा जातो. मालक म्हणतो, माल खोटा. दुकानदार म्हणतो, बसवणारा कच्चा. मिस्त्री म्हणतो, गाडी वाईट चालवली. तिघांचे भांडण होते आणि तिघेही बहुधा निर्दोष असतात. खरे कारण साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका माणसाने कागदावर मांडून ठेवलेले आहे. इतिहासाच्या अध्यापकाने मोटारीच्या पोटात डोके घालण्याचे कारण हेच.

प्रथम हा क्रॉस म्हणजे काय ते पाहू. जीपचे इंजिन आणि गिअरची पेटी चौकटीला, म्हणजे चॅसीला, घट्ट बांधलेली असतात. चाके मात्र कमानपाट्यांवर खालीवर नाचत असतात. न हलणाऱ्या पेटीतून नाचणाऱ्या चाकांकडे फिरती शक्ती न्यायची, तर मधला दांडा दोन्ही टोकांना वाकता असला पाहिजे आणि वाकूनही फिरत राहिला पाहिजे. त्यासाठी दांड्याच्या टोकाला लोखंडी दुबेळके असते. समोरच्या भागालाही तसेच एक दुबेळके, पहिल्याशी काटकोनात. या दोहोंना जोडणारा अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा म्हणजे क्रॉस. त्याच्या चार बाजूंना चार वाट्या बसतात. मिस्त्री त्यांना कप म्हणतात. प्रत्येक कपात सुईएवढ्या बारीक सळ्यांची रांग असते. तेच नीडल बेअरिंग. या सळ्या ग्रीसमध्ये बुडालेल्या असेतो सांधा सुखाने वाकतो आणि फिरतो. ग्रीस आटले किंवा पाणी शिरले की त्याच सळ्या क्रॉसच्या पायांवर चरे पाडू लागतात.

त्या दुबेळक्याला मिस्त्री योक म्हणतात. योक म्हणजे इंग्रजीत जू. बैलाच्या मानेवरचे तेच जू. आमच्या बैलगाडीतही जू धुरेला खिळ्याने ठोकून टाकत नाहीत, नाड्याने आवळतात. एक बैल चाकोरीत उतरला आणि दुसरा बांधावर चढला तरी गाडी मोडू नये, यासाठी तेवढा सैलपणा ठेवलेला असतो. म्हणजे वाकत्या सांध्याची गरज शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक आहे. फरक एवढाच की बैलगाडीतला सांधा ओढतो, फिरत नाही. सारी अडचण फिरण्यात आहे.

ही युक्ती कोणाची, यावर युरोपात पुष्कळ शाई सांडली आहे. फ्रेंच आणि जर्मन लोक तिला कार्दानच्या नावाने ओळखतात. जेरोलामो कार्दानो (१५०१ ते १५७६) हा इटलीतला वैद्य, गणिती, ज्योतिषी आणि पक्का जुगारी. १५५० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने एकात एक टांगलेल्या कड्यांचे वर्णन केले आहे. जहाज कितीही डोलले तरी अशा कड्यांत बसवलेले होकायंत्र आडवेच राहते. परंतु ही कडी कार्दानोच्या कितीतरी आधीपासून वापरात होती, आणि टांगणे निराळे, शक्ती वाहून नेणे निराळे. ज्याने गोष्ट लिहिली त्याचे नाव गोष्टीला चिकटले. इतिहासात हा अन्याय इतका नेहमीचा आहे की त्याची तक्रार कोणी करीत नाही. स्वीडनमध्ये याच सांध्याला पोल्हेमची गाठ म्हणतात, कारण त्यांच्या क्रिस्टोफर पोल्हेमने तो आपल्या बुद्धीने पुन्हा शोधून काढला.

कार्दानोनंतर शंभर वर्षांनी, १६६४ साली, गास्पर शॉट नावाच्या जेझुइट पंडिताने नवलाईच्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने हा फिरता सांधा वर्णन केला आणि एक विधान करून टाकले. एक दांडा ज्या वेगाने फिरतो त्याच वेगाने दुसराही फिरतो, असे त्याने लिहिले. वरवर पाहिले तर हे कोणालाही पटेल. या बाजूने एक फेरा दिला तर त्या बाजूलाही एकच फेरा निघतो, पाऊण नव्हे की सव्वा नव्हे. मग वेग सारखाच, यात विचारायचे काय? शॉटची ही चूक ध्यानात ठेवा. ती अजून जिवंत आहे, आणि जीप उंच करून देणाऱ्या दुकानांतून तिचा मुक्काम आहे.

चूक पकडली ती रॉबर्ट हूक याने. हूकचे नाव आपण शाळेत कॉर्कच्या पेशींच्या निमित्ताने ऐकतो आणि विसरतो. लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवणे हे त्याचे काम होते. लंडन १६६६ साली जळाले, तेव्हा शहर पुन्हा मोजून आखण्याचे कामही त्याने केले. न्यूटनशी त्याचे हाडवैर होते आणि त्यात तो हरला. त्याचे खात्रीचे म्हणावे असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. या माणसाने १६७६ साली एक छोटे पुस्तक काढले, सूर्य पाहण्याच्या दुर्बिणींविषयी. रायगडावर राज्याभिषेक होऊन दोन वर्षे झाली होती आणि महाराज दक्षिणेच्या मोहिमेच्या तयारीत होते, त्या सुमाराचीच ही गोष्ट. त्या पुस्तकात हा सांधा आहे, आणि सांध्याचा दोषही आहे.

हूकने पाहिले की दांडे एका रेषेत असले तर वेग सारखा राहतो. पण दोहोंत कोन पडला की दुसरा दांडा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. फेऱ्यांचा हिशेब शेवटी बरोबर जुळतो, पण मधली चाल लंगडी असते. शॉट फेरे मोजून थांबला. हूकने फेऱ्याच्या आत काय चालते ते पाहिले.

आणि गंमत पाहा, हूकला हा दोष हवाच होता! सूर्याच्या घड्याळातली सावली तबकडीवर सारख्या गतीने सरकत नाही. सकाळ-संध्याकाळ आणि दुपार यांत तिची चाल बदलते. एका जागी सारखा फिरणारा काटा आणि दुसऱ्या जागी सावलीसारखी असमान चाल, हे जोडायला हूकला हा लंगडा सांधा अगदी नेमका सापडला, कारण दोन्हींचे गणित एकच आहे. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या तबकडीसाठी सांध्याचा कोन किती ठेवायचा? नव्वदातून त्या गावाचे अक्षांश वजा करावे. लंडनला हा कोन सुमारे ३८॥ अंश येतो, तेवढ्यात सांधा चालतो. आमच्या नांदेडला अक्षांश १९, म्हणून कोन ७१ अंशांचा होईल, आणि त्या कोनात कोणताही क्रॉस फिरणार नाही, त्याची दुबेळकी एकमेकांवर आपटतील. हूक गोदाकाठी जन्मला असता तर त्याला दुसरा काही उद्योग पाहावा लागला असता.

पुढच्या काही वर्षांत त्यानेच या दोषावर उताराही सुचवला. एकाऐवजी दोन सांधे घ्या आणि मध्ये एक दांडा ठेवा. पहिला सांधा जिथे पुढे धावतो तिथे दुसरा मागे रेंगाळेल अशी त्यांची मांडणी करा. म्हणजे पहिल्याचे पाप दुसरा धुऊन काढील. मात्र दोन अटी आहेत. मधल्या दांड्याची दोन्ही दुबेळकी एका पातळीत हवीत, आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. आज प्रत्येक जीपखाली जो शाफ्ट आहे तो याच मांडणीचा आहे. ॲक्सलकडे एक क्रॉस, पेटीकडे एक क्रॉस.

त्याच १६७६ च्या पुस्तकाच्या शेवटी हूकने अक्षरांची उलटापालट करून एक कोडे छापले होते. दोन वर्षांनी ते त्याने स्वतःच उकलले. जेवढा भार तेवढा ताण, हा स्प्रिंगचा नियम त्यात दडवलेला होता. म्हणजे उंच केलेल्या जीपखालचा फुगीर कमानपाटा आणि कुरकुरणारा क्रॉस, दोन्ही एकाच पुस्तकातून आले! एकाला हात लावला की दुसरा ओरडतो, यात नवल ते काय?

त्यानंतरची दोनशे-सव्वादोनशे वर्षे हा सांधा इकडे-तिकडे यंत्रांतून वापरला गेला. विद्वानांनी त्याचे गणित पक्के केले. त्यात थांबण्यासारखे फार नाही. पहिल्या मोटारींत पुष्कळदा सायकलीसारखी साखळी असे. ती चिखलाने भरे आणि तुटे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असलेल्या क्लॅरेन्स स्पायसर याने या साखळीऐवजी शाफ्ट आणि झाकलेला सांधा योजला. १९०३ साली त्याला पेटंट मिळाले आणि १९०४ पासून न्यू जर्सीतल्या प्लेनफील्ड येथे तो असे सांधे बनवू लागला. स्पायसरचा मोठेपणा युक्तीत नाही, युक्ती जुनीच होती. त्याने सांध्याला धुळीपासून लपवले आणि तेलात ठेवले. आज क्रॉस बदलताना कपाचे रबरी सील फाटले आहे काय हे पाहायला विसरणाऱ्याने स्पायसरचे सारे आयुष्य पुसून टाकले, असे मी म्हणेन.

आता जीपकडे येऊ. १९४० च्या जुलैत अमेरिकन लष्कराने हलक्या, चारही चाके ओढणाऱ्या गाडीसाठी १३५ कारखान्यांना विचारणा केली. मुदत इतकी तोकडी होती की जेमतेम दोघेच पुढे आले. त्यातल्या डबघाईस आलेल्या बँटम कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावले. त्याने दोन-तीन दिवसांत नकाशे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी छावणीच्या दारात उभी केली. ॲक्सल अर्थातच स्पायसर कंपनीचे. पुढे हीच गाडी सुधारून विलीज आणि फोर्ड यांनी महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक बनवल्या.

या गाडीच्या पोटाखालची रचना पाहण्यासारखी आहे. पुढचा शाफ्ट इंजिनाच्या तेलाच्या भांड्याला लागू नये म्हणून डिफरन्शियल मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवले आहे. पेटी जितकी खाली ठेवता येईल तितकी खाली. दोन धुरांमधले अंतर अवघे ८० इंच, म्हणजे पुढच्या शाफ्टला लांबी फार थोडी मिळणार. आखूड दांड्याचा कोन झटकन वाढतो, हे करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी सगळ्या गोष्टी जवळजवळ एका पातळीत आणल्या. जीप बुटकी दिसते ती सौंदर्यदृष्टीच्या अभावी नव्हे. तिच्या बुटकेपणात हूकचे गणित आहे.

वळणाऱ्या चाकांपाशी मात्र हा साधा क्रॉस चालत नाही. चाक वळले की कोन तीस अंशांच्या घरात जातो, आणि तिथे क्रॉसची लंगडी चाल सुकाणूला हिसके देते. म्हणून युद्धातल्या जीपांना चाकांजवळ वेगळे, समान वेगाचे सांधे बसवले होते. काहींत वाइसचे, काहींत फ्रान्समध्ये निघालेले ट्रॅक्टा, काहींत आल्फ्रेड झेप्पा याचे. झेप्पाच्या सांध्यात पोलादी गोळ्या असतात. कोन कितीही असो, त्या गोळ्या नेहमी कोनाच्या मध्यरेषेवर राहतात आणि चाल सारखी ठेवतात. हाच सांधा पुढे १९५९ च्या मिनी मोटारीने घरोघरी नेला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० निघाली, ती पुढच्या चाकांनी ओढणारी असल्यामुळे हा सांधा आपल्याकडेही गल्लीतल्या मिस्त्रीच्या हातात आला.

भारतात जीप रुजली ती मुंबईच्या वाटेने. १९४५ साली जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्याबरोबर एक पोलाद-व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीच्या नावातले त्यांचे नाव गेले आणि महिंद्र अँड महिंद्र हे नाव आले. माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीपा जोडायला सुरुवात झाली. पुढे भागही इथेच बनू लागले.

आमच्या मराठवाड्याला मोटार अनोळखी नव्हती. निजामाच्या रेल्वेने १९३२ सालीच २७ बसगाड्या घेऊन सरकारी मोटारवाहतूक सुरू केली होती. परंतु बस रस्त्यावर चालते, आणि रस्ता संपतो तिथून आमचा मुलूख सुरू होतो. इथली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात चाकाला मणभर चिकटते. मागच्या दोन चाकांनी ढकलणारी गाडी अशा मातीत नुसती खड्डा खणत राहते. पुढची चाके ओढू लागली तरच ती निघते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाले आणि १९५२ च्या २ ऑक्टोबरला समूह विकास योजना सुरू झाली. त्यानंतर ग्रामीण भागात सरकार आले ते बहुधा जीपमधूनच. विकास गटाची जीप गावात आली की मुले मागे धावत. पाटबंधारे खात्याच्या, आरोग्य खात्याच्या, निवडणुकीच्या पेट्या नेणाऱ्या, अशा कितीतरी जीपांखालचे क्रॉस या मातीने खाल्ले असतील. त्यांची नोंद कुठल्याही गॅझेटिअरात नाही. ती मिस्त्रींच्या बोटांत राहिली, आणि तिथूनच ती पुढच्या पोरांकडे गेली.

त्या जीपांचे क्रॉस झिजत, नाही असे नाही. पण ते वयाने झिजत. उंच केलेल्या जीपचा क्रॉस कोनाने झिजतो. फरक आकड्यांत सांगतो. समजा, पुढचा शाफ्ट दोन फूट लांब आहे आणि मुळात त्याचा कोन ८ अंश आहे. या कोनात चालीतला चढउतार जेमतेम शेकडा एक. आता फुगीर पाटे आणि लांब शॅकल घालून गाडी चार इंच उचलली. पेटी चॅसीबरोबर वर गेली, ॲक्सल खालीच राहिला, आणि कोन सुमारे १८ अंश झाला. चढउतार आता शेकडा पाच. कोन दुप्पट केला की चढउतार चौपट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. दर फेऱ्याला असे दोन हिसके. जुन्या लष्करी जीपचे गिअरचे प्रमाण ४.८८ धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला शाफ्ट मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला सत्तरेक हिसके, आणि ते सारे त्या सुईएवढ्या सळ्यांवर.

इथे कोणी म्हणेल, दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले तर हूकच्या उताऱ्याने हिसके फिटतात ना? फिटतात, पण ते ॲक्सलपुरते. मधला दांडा तर धावतो-रेंगाळतोच, आणि त्याचे वजन दोन्ही क्रॉसना झेलावे लागते. शिवाय लांब शॅकलमुळे ॲक्सल थोडा फिरतो, कोन सारखे राहत नाहीत, आणि मग गाडीही थरथरू लागते. पुष्कळांचा समज असा की फोर-व्हील लावली नाही तर पुढचा शाफ्ट आराम करतो. तसे नाही. चाकांच्या तोंडाशी मोकळे करण्याचे लॉक नसेल, तर चालती चाके शाफ्टला उलटे फिरवीतच असतात. सडकेवरच्या शंभर मैलांत चिखलातल्या एका मैलाहून अधिक झीज होऊ शकते.

तेव्हा असा क्रॉस आला म्हणजे काय करावे? गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत, गिअर काढावा आणि शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना पिळून पाहावा. खेळ दिसला, किंवा कपाभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतले ग्रीस केव्हाच संपले आहे. शाफ्ट सोडवताना दोन्ही भागांवर खूण करून घ्यावी. मध्ये सरकता भाग असतो, तो एक दात जरी चुकून बसला तरी दुबेळकी एका पातळीत राहत नाहीत आणि हूकची पहिली अट मोडते. नवा क्रॉस नवा असूनही गाडी थरथरते, तेव्हा पुष्कळदा हेच झालेले असते. कप दाबून बसवताना एखादी सळी आडवी पडली तर कप शेवटपर्यंत जात नाही. अशा वेळी हातोडा मोठा घेण्याऐवजी कप काढून पाहावा. शेवटी चारही कपांच्या कडांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारावा. तीन कपांतून आले आणि चौथ्यातून आले नाही, तर तो चौथा आधी जाणार.

एवढे केल्यावरही कोन तसाच राहिला, तर हे सगळे पुन्हा करायचे आहे. मागच्या ॲक्सलला उपाय सोपा असतो. पाचर घालून डिफरन्शियलचे तोंड वर फिरवावे, पेटीकडे जोड-क्रॉसचा शाफ्ट बसवावा, काम झाले. पुढच्या ॲक्सलला हेच करायला गेले की पंचाईत होते, कारण त्याच्याच टोकांवर वळणारी चाके आहेत. तोंड वर फिरवले की चाकांच्या खुंट्यांचा मागे झुकलेला कल, ज्याला मिस्त्री कॅस्टर म्हणतात, कमी होतो. तो कल असतो म्हणून वळण झाल्यावर सुकाणू आपोआप सरळ होते. कल गेला की गाडी सरळ रस्त्यावर भटकते. म्हणजे क्रॉस वाचवायला जावे तर सुकाणू जाते. चार इंच उचलणाऱ्या दुकानदाराने हे गिऱ्हाइकाला आधी सांगितले पाहिजे, आणि तो सांगत नाही. पेटीखाली पट्ट्या घालून ती थोडी खाली घेणे, लॉक बसवून सडकेवर शाफ्ट थांबवणे, हे मधले मार्ग आहेत. माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे उंची निम्मी करणे. तीच कंपनीच्या मापाला आणली तर कायद्याचीही अडचण राहत नाही, कारण नोंदलेल्या मूळ मापाबाहेर गाडीत फेरफार करता येत नाहीत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे.

यात केवळ खर्चाचा प्रश्न असता तर मी एवढे बोललो नसतो. झिजलेला क्रॉस एक दिवस तुटतो. पेटीकडचा तुटला तर सुटलेले टोक मागे फरपटते, ब्रेकची नळी किंवा तेलाचे भांडे फोडते. ॲक्सलकडचा तुटला तर शाफ्टचे पुढचे टोक खाली पडते, आणि धावत्या गाडीखाली ते भाल्यासारखे रस्त्यात रुतू शकते. ज्या गाडीत मागे चार मुले बसली आहेत तिच्या बाबतीत 'टक्' आवाजाला पुढच्या महिन्यापर्यंत थांबवणे योग्य नाही. शाफ्टखाली लोखंडी पट्टीचे कडे बसवले तर तुटलेला शाफ्ट त्यात अडकून राहतो. खर्च थोडा, पण फार थोडे लोक ते बसवतात.

२०१० साली महिंद्राने थार काढली, तेव्हा पुढचा अखंड ॲक्सल गेला. डिफरन्शियल चॅसीलाच बांधले गेले आणि दोन्ही चाके स्वतंत्र झाली. अशी गाडी उंच केली तर मधल्या शाफ्टचा कोन फारसा बदलत नाही. कोन जातो चाकांकडच्या आखूड दांड्यांवर, म्हणजे झेप्पाच्या वंशातल्या सांध्यांवर. ते असमान चाल देत नाहीत, पण त्यांच्यावर रबरी टोपडे असते, आणि जास्त कोनात त्याच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात. फाटलेल्या टोपड्यातून गोदावरीची वाळू आत शिरली की पोलादी गोळ्या काही आठवड्यांत कामातून जातात. पावसाळा संपला की सुकाणू एका अंगाला पूर्ण वळवून, बॅटरीच्या उजेडात ही टोपडी एकदा पाहून घ्यावीत. मग दुसऱ्या अंगाला वळवून तसेच पाहावे.